पिनीवरचं कुंकू

इंदापूरच्या एसटी स्टँडजवळ माझ्या दाजींचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि भिंतीला लावून उभी केलेली दोन मशिनं. मशीन म्हणजे कपाटाएवढं लाकडी खोकं, वर काच, काचेमागं पडदा आणि कमरेच्या उंचीवर एक तिरकी पट्टी. तिच्यावर दांडी आणि बटणं. त्या पट्टीला आम्ही पॅनल म्हणायचो. पॅनल पत्र्याचं होतं. ही गोष्ट पुढं लागणार आहे, म्हणून आधीच सांगतो.

गल्ल्यावर माझी थोरली बहीण बसायची. तिला मी आक्का म्हणतो. टोकन द्यायचं काम असं कितीसं असणार? ती मांडीवर ब्लाउज घेऊन हूक आणि काजं करत बसे. तिचं काज इतकं बारीक आणि एकसारखं असायचं की बाजाराच्या दिवशी बावड्याच्या बायका कापड घेऊन खास तिच्याकडे यायच्या. दुकानाचा मागचा अर्धा भाग दाजी तिला शिवणक्लाससाठी देणार होते. तसं ठरलं होतं. दोन शिलाई मशिनं कुठं बसतील, कापायचं टेबल कुठं येईल, हे तिनं खडूनं फरशीवर आखून ठेवलं होतं. गर्दी झाली की पोरं त्याच रेघांवर उभी राहायची आणि ती ओरडायची, "आरं, माझ्या टेबलावरनं उतरा की!"

मी तेव्हा चोविशीत होतो. गाव शेळगाव, शिक्षण आयटीआयचं, वायरमन ट्रेड. नोकरी बारामतीत एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. मालकांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी मला एकच शिस्त लावली. काम हातात घेण्याआधी वहीत यादी करायची, एकेका ओळीवर खूण करायची, आणि शेवटच्या ओळीवर खूण झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला मेन चालू करू द्यायचा नाही. आज माझा स्वतःचा इलेक्ट्रिकचा धंदा आहे आणि तीच शिस्त आहे. सगळ्या वह्या जपून ठेवल्या आहेत. त्यात एका कामाच्या सूचनांचं एक पान आहे. त्यावर सात ओळी आहेत. आठ असायला हव्या होत्या.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. गणपती उठल्यानंतर एका दुपारी स्टँडजवळच्या खांबावर न्यूट्रल तुटली आणि दुकानात भलतंच व्होल्टेज आलं. एक मशीन वाचलं. दुसऱ्याचा पडदा गेला आणि खोक्याच्या तळाला बसवलेला ट्रान्सफॉर्मरही जळाला. ही मशिनं बाहेरदेशात वापरून जुनी झालेली. त्यांचा पडदा शंभर व्होल्टवर चालायचा आणि तो ट्रान्सफॉर्मर आपल्या लाइनचे शंभर करून द्यायचा. तसा पडदा मिळणं शक्यच नव्हतं. तात्यांनी तोडगा काढला. भंगारात आलेल्या एका रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि आतली प्लेट खोक्यात बसवायची. तो टीव्ही सरळ आपल्या लाइनवर चालणारा, म्हणजे व्होल्टेज कमी करायची भानगडच उरली नाही.

"म्हंजे ट्रान्सफॉर्मर लागणार न्हाय?" मी विचारलं.

"लागणार. तोच तर लागणार." तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ह्या जातीच्या टीव्हीत मेनची एक वायर सरळ चासीला, म्हंजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडल्याली असती. टीव्ही आपल्या खोक्यात बंद असतो, कुणाचा हात तितं जात न्हाय, म्हणून चालतं. पण तू त्या चासीला गेमचा बोर्ड जोडणार. बोर्ड कशाला जोडल्याला हाय?"

"पॅनलला."

"आन पॅनलला कोण?"

"गिऱ्हाईक."

"झालं तर मग. मधी ट्रान्सफॉर्मर घाल. दोनशे तीस आत, दोनशे तीस भायेर. व्होल्टेज बदलायला न्हाय, लाइनीपासनं तोडायला. आन थ्री-पिन बसव. अर्थिंग खरंखुरं कर, नुसतं भोक नगं."

मी यादी केली. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, थ्री-पिन, दुकानामागं खड्डा घेऊन अर्थिंग, ती वायर पॅनलला, टेस्टरनं तपासणी. स्वच्छ यादी होती. अजून वाचली तरी तिच्यात काही चूक सापडत नाही.

ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून बांधून घ्यायचा होता. त्याच्या दारात शेतावरच्या जळक्या मोटारी ओळीनं पडलेल्या. "मोटारी आधी," तो म्हणाला. "उसाला पानी पायजे. तुमचा खेळ थांबंल, ऊस थांबत न्हाय." त्याचं बरोबर होतं. मी रोज संध्याकाळी चक्कर मारायचो आणि तो रोज तेच म्हणायचा.

तिकडून दाजींचे फोन सुरू झाले. आधी थट्टेत. "काय पाव्हणं, बारामतीला जाऊन सायब झालासा जणू!" मग थट्टा कमी होत गेली. शेवटी एक दिवस म्हणाले, "खंडेनवमी चार दिसावर आली. बंद मशीनची पूजा करू का मी? बंद हत्याराला कुंकू लावत्यात का कुठं?"

"दाजी, ट्रान्सफॉर्मर झाला न्हाय अजून."

"टीव्ही ट्रान्सफॉर्मरबिगर चालतोय का न्हाय ते सांगा."

"चालतोय, पण…"

"मग पण कशाला?"

मी टीव्हीचं सामान घेऊन सकाळच्या एसटीनं निघालो. काटेवाडी मागं पडली तोपर्यंत मनाशी पक्कं होतं, नुसतं बसवून ठेवायचं, जोडणी ट्रान्सफॉर्मर आल्यावर. शेळगाव आलं तोपर्यंत ते थोडं सैल झालं होतं. इंदापूरला उतरलो तर दाजी स्टँडवरच उभे. सोबत कॉलेजची चार पोरं, मशीन आज चालू होणार म्हणून थांबलेली. "आमचं पाव्हणं. बारामतीचं इंजिनेर," दाजींनी ओळख करून दिली. मला ते आवडलं. हे लिहायला लाज वाटते, पण आवडलं.

दुपारपर्यंत ट्यूब बसली, रंग जुळले. दुकानाच्या स्विचबोर्डात अर्थिंगचं तिसरं भोक होतं, त्याच्यामागं वायर नव्हती. म्हणून मी दोन पायांची पिन लावली. ती कशीही घालता येते, उलटी किंवा सुलटी. एका बाजूनं घातली आणि पॅनलला टेस्टर लावला, तर दिवा पेटला. म्हणजे अख्खं पॅनल जिवंत. पिन फिरवून घातली, दिवा विझला. चासी न्यूट्रलवर, म्हणजे झटका न देणाऱ्या वायरीवर गेली. पडदा दोन्ही वेळेला तितकाच झकास.

म्हणजे काम असं उरलं की पिन नेहमी एकाच बाजूनं गेली पाहिजे. ट्रान्सफॉर्मर येईपर्यंतच. आठ दिवस. फार तर दहा. पिनीवर खूण करायला माझ्याकडे रंग नव्हता. देवळीत आक्काचा करंडा होता. चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि पिनीच्या एका बाजूला ठसठशीत ठिपका दिला.

दाजींना बोलावून दाखवलं. "ठिपका वर आसंल तरच बटण दाबायचं. खाली आसंल तर फिरवून घालायची. इसरायचं न्हाय."

"ठिपका वर. त्यात काय इसरायचं?"

आक्का तेव्हा गल्ल्यावर बसून दातानं दोरा तोडत होती. चार हातांवर. तिला मी हे सांगितलं नाही. दुकान दाजींचं, मशीन दाजींचं, मग विजेचं बोलणं दाजींशी, असा माझ्या डोक्यातला हिशोब. खरं तर दुकान उघडायची ती, झाडायची ती, मशिनं पुसायची ती. दाजी दिवसातून दोनदा यायचे.

मग मी माझ्या सवयीप्रमाणं सूचनांचा कागद लिहिला, वहीत त्याची नक्कल ठेवली आणि कागद मशीनच्या बाजूला खळीनं चिकटवला. तो असा होता:

१. ओलं फडकं लावण्याआधी पिन काढावी.
२. पिन वायरीला धरून ओढू नये.
३. मशीनचं मागचं दार उघडू नये.
४. मशीनवर पाण्याचा तांब्या, कप ठेवू नये.
५. वीज गेल्यास बटण बंद करावं.
६. जळका वास आल्यास मेन बंद करावा.
७. कुठलाही बिघाड झाल्यास फोन करावा.

आठवी ओळ लिहायला पेन टेकवलं होतं. 'लाल ठिपका वर ठेवूनच पिन घालावी.' लिहिली नाही. विसरलो नव्हतो. ती ओळ भिंतीवर गेली असती तर दुसरा कुणी वायरमन दुकानात आला असता आणि पहिला प्रश्न विचारला असता: का? या मशीनला असं काय आहे की ठिपका वर लागतो? उद्या तात्या आले असते तर? माझ्या अक्षरात, माझ्याच कामाची चूक मी भिंतीवर डकवून ठेवली असती. तोंडी सांगितलंय ना दाजींना. पुष्कळ झालं.

खंडेनवमीच्या दिवशी मी बारामतीत होतो. तात्यांच्या दुकानात सोल्डरिंग गन, मीटर, पक्कड, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. वाटेत वाइंडिंगवाल्याकडे डोकावलो होतो. माझा ट्रान्सफॉर्मर तयार होता. त्याच्या हत्यारांशेजारी ठेवलेला, वर हळदकुंकू लावलेलं. "द्या की," म्हणालो. "आज न्हाय. आज हत्यार जागचं हलवत न्हाईत. दसरा झाल्यावर या." मी हसलो आणि पुढं गेलो. दुपारी बाराच्या सुमारास फोन वाजला.

इंदापुरात जे झालं ते मी तिघांकडून ऐकलं: दाजी, आक्का, आणि शेजारचा सायकलवाला. तिघांच्या सांगण्यात फरक नाही.

आक्कानं सकाळी दुकान उघडलं. कागद वाचून, पहिल्या ओळीप्रमाणं, आधी दोन्ही मशिनांच्या पिना काढल्या. मग ओल्या फडक्यानं सगळं पुसलं. काच, पॅनल, खोकं. पिनाही पुसल्या, कारण पूजेच्या दिवशी अर्धवट पुसायची तिची पद्धत नाही. पिनीवर कुंकवाचा जुना ठिपका होता, तेलकट, धूळ बसून काळपट झालेला. तिला वाटलं, भावानं मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा शुभ म्हणून लावला असेल. कुणीही लावतं. आमच्याकडे नवी सायकल घरात येते तीही कुंकू लावूनच. जुनं कुंकू पुसून नवं लावायचं असतं, म्हणून तिनं ते पुसलं आणि ताजं लावलं. पिन हातात होती, जी बाजू समोर आली त्या बाजूला.

दाजी आले. हार घातला, दारात नारळ फोडला. नारळाचं पाणी फरशीवर ओघळलं. मशीन चालू करून मगच पूजा, हा त्यांचा हट्ट. पिन आक्कानंच घातली, कुंकू दिसेल अशी, वर. दाजींनी वाकून पाहिलं. माझी सूचना त्यांनी अगदी नीट पाळली. "ठिपका वर हाय," म्हणाले आणि बटण दाबलं.

पडदा लागला. पूजा म्हणून आक्का अनवाणी होती. तिनं करंड्यात बोट बुडवलं, अनामिका, आणि पॅनलला कुंकू लावायला हात पुढं केला.

सायकलवाला म्हणतो, ती ओरडली नाही. नुसता कसला तरी घुमल्यासारखा आवाज आला. हात पॅनलच्या कडेवर आवळला गेला होता. दाजी धावले तर त्यांनाही झटका बसला. सायकलवाल्यानं शहाणपणानं मेन पाडला.

जीव वाचला. मधलं बोट आणि अनामिका आतपर्यंत भाजली. मी पोचलो तेव्हा ती दवाखान्यात खाटेवर उशाला टेकून बसली होती, हात पांढऱ्या पट्टीत. मला बघून रडली नाही. एखादं गणित सुटत नसल्यासारखा चेहरा करून म्हणाली, "पिन काढली व्हती की रं मी आधी. तुझ्या कागदात लिवलंय तसंच केलं समदं. मग कुठं चुकलं?"

तेव्हा सांगता आलं असतं. तीन वाक्यांचं काम होतं.

"फरशीवर पाणी होतं आक्का," मी म्हणालो. "नारळाचं. त्यानं झालं."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज आलं.

दसऱ्यानंतर मी ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो. दुकानात दाजी आणि मी, दोघंच. पिन अजून भिंतीत तशीच होती. मी मेन चालू करून पॅनलला टेस्टर लावला, तर दिवा पेटला. मग पिन बाहेर काढली आणि दोघांनी मिळून तिच्यावरचा लाल ठिपका बघितला, भलत्याच बाजूला लागलेला. दाजींनाही कळलं. मग त्यांनी पिन माझ्या हातातून घेतली आणि अंगठ्यानं कुंकू पुसून टाकलं.

"आता सांगून बोटं बरी व्हनार हाईत का?"

"न्हाय."

"मग राहू द्या."

राहू दिलं. त्या दिवशी मी यादीप्रमाणं सगळं केलं. ट्रान्सफॉर्मर खोक्याच्या तळाला बोल्टनं आवळला. त्याच्या आधी फ्यूज. त्याच्या दोन वायरी फक्त टीव्हीच्या प्लेटला. दुकानामागं खड्डा, कोळसा, मीठ, पट्टी. तिथून जाड वायर थ्री-पिनच्या वरच्या भोकाला आणि पिनीतून पॅनलला. पिन कशीही फिरवायचा प्रश्नच मिटला. टेस्टरचा दिवा कुठंही लागेना. सगळ्या ओळींवर खुणा झाल्या. अर्ध्या दिवसाचं काम. इतकंच होतं ते.

आक्काचा हात पट्टीतून बाहेर आला तेव्हा ती दोन बोटं तळव्याकडे वळलेली होती. सरळ होईनात. मधल्या बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान चढेना. तिनं डाव्या हातानं काजं करून बघितली. बावड्याच्या एका बाईनं ब्लाउज परत आणून दिला, काही न बोलता. त्यानंतर आक्का गल्ल्यावर नुसती बसायची. क्लासच्या जागी दाजींनी तिसरं मशीन आणलं. त्याचं वायरिंग मीच केलं, अगदी उत्तम. खडूच्या रेघा त्या मशीनखाली गेल्या.

शेळगावच्या घरी निकाल लागून गेला होता. आई म्हणायची, "ओल्या हातानं करंटाला शिवायचं असतंय व्हय? लहानपनापास्नं तशीच, घाईची." चुलते म्हणायचे, "लोखंडाची पूजा बाप्यानं करावी." दाजी मान हलवायचे. पुढच्या खंडेनवमीपासून पूजा तेच करू लागले आणि आक्का लांब, दाराशी उभी. मी हे सगळं ऐकत जेवत असायचो. आईनं वाढलेलं सगळं संपवायचो.

दशक संपत आलं तसं दुकानाचं गिऱ्हाईक आटलं. पोरं घरच्या टीव्हीला जोडायचे गेम आणायला लागली. दाजींनी दुकान बंद केलं. ते जुनं मशीन सुट्या भागांसाठी तात्यांनी मागितलं. टेम्पो घेऊन मी गेलो. आक्काला बारामतीत हात दाखवायचा होता, ती टेम्पोत पुढं बसली.

तात्यांच्या दारात खोकं उतरवलं. मी वही काढून भागांची यादी करत होतो. तात्यांनी मागचं दार उघडलं, ट्रान्सफॉर्मरवर पेचकस टिचकवला आणि सहज म्हणाले, "मायंदाळ चांगला बांधलाय. ह्यो पयल्या दिवसापास्नं असता तर पोरी, तुझा हात गेला नसता."

आक्का म्हणाली, "ह्यो नव्हता व्हय तवा?"

"नव्हता की. तुझा भाऊ मशीन बिनट्रान्सफॉर्मरचं चालवत व्हता. पिन उलटी गेली की पॅनलमधी करंट येणार." तात्यांनी तिला सगळं समजावलं. मन लावून, हातवारे करून, मला समजावलं होतं तसंच. दसऱ्यानंतर मी ट्रान्सफॉर्मर घेऊन निघालो तेव्हाच त्यांनी सगळं ओळखलं होतं, आणि त्यांना वाटत होतं तिलाही माहीत आहे.

आक्का माझ्याकडे वळली. "त्यो ठिपका तुझा व्हता?"

"व्हय."

"खूण व्हती ती?"

"व्हय."

"मला का न्हाय सांगितलं?"

"दाजींना सांगितलं होतं."

ती थोडा वेळ माझ्या वहीकडे बघत राहिली. पान उघडं होतं, पेन हातात होतं.

"मशीन पुसत कोण व्हतं?" तिनं विचारलं.

तात्या पेचकस घेऊन आत निघून गेले. मी वही मिटली. ती दवाखान्यात एकटीच गेली आणि तिकडूनच परस्पर इंदापूरच्या एसटीत बसली.

पुढची भाऊबीज दीड महिन्यानं आली. बोलावणं आलं नाही, आणि येऊ नको असाही निरोप नाही. मी गेलो. पाट मांडलेला होता, रांगोळी काढलेली होती. दाजी बाहेर गेले होते. आक्कानं नेहमीसारखं ओवाळलं, तबक दोन्ही हातांनी धरून, कारण एका हातात आता ते तोललं जात नाही. अनामिका वळलेली, म्हणून कुंकू अंगठ्यानं लावते. त्या खंडेनवमीपासून तसंच लावते आहे. मी तोवर त्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

"वाकडं लागलं का?" तिनं विचारलं.

"न्हाय आक्का. बरोबर हाय."

"न बघताच?" तिनं तबक खाली ठेवलं. "तितं आरसा हाय. बघून सांग."

मी उठलो. आरशात बघितलं. कुंकू उजव्या भुवईकडे ओघळल्यासारखं गेलं होतं.

"वाकडं हाय," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे तसंच," ती म्हणाली आणि माझं ताट वाढायला आत गेली.